वस्तरा, रेझर आणि गालावरची दोन बोटे

दाढी न करता महाविद्यालयात गेल्यास ते विद्यार्थ्यांच्या आधी सहकाऱ्यांच्याच लक्षात येते, असा आमचा अनुभव आहे. परवा प्राध्यापक-कक्षात अशाच एका प्रसंगावरून विषय निघाला आणि एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, दाढीचे खरे सुख कशात? वस्तऱ्यात, की दुधारी पात्याच्या सेफ्टी रेझरमध्ये?" त्याने नुकताच हौसेने वस्तरा विकत घेतला होता आणि त्या हौसेच्या दोन ताज्या खुणा हनुवटीवर दिसत होत्या. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न आमच्यासोबत घरी आला.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस, गावी आजोबांची दाढी करायला दर आठवड्याला नाभिकमामा ओसरीवर येत. धोकटी उघडली की वाटी, कात्री, नराणी, तुरटीचा खडा, चामड्याचा पट्टा आणि सर्वांत शेवटी वस्तरा बाहेर निघे. मामा तो पट्ट्यावर परजत, तेव्हा पाठ पुढे आणि धार मागे असे. उलट फिरला तर पट्टाही चिरतो आणि धारही जाते, हे त्यांनी आम्हांला न विचारताच सांगितले होते. आजोबा भिंतीला टेकून डोळे मिटून घेत. गळ्यावर उघडी धार फिरत असताना माणूस डोळे कसे मिटू शकतो, याचे आम्हांला फार नवल वाटे.

या सुखाचे शास्त्र आम्हांला पुढे कळले. जुन्या वस्तऱ्याची पाठ जाड आणि जड असते, तर पोट दोन्ही अंगांनी खोल घासलेले असते. त्यामुळे वजन आपोआप धारेमागे येते आणि हाताला जोर लावावा लागत नाही. धार कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करून चालली पाहिजे. कोन वाढला तर कातडी सोलवटते, कमी झाला तर केस न कापता ओढला जातो. गालावर, जबड्याच्या वळणावर, कंठमण्यावर हा कोन क्षणोक्षणी बदलावा लागतो. तो सांभाळायला वस्तऱ्यात कोणतीही सोय नसते. मामांच्या बाबतीत ती सारी सोय मनगटात होती.

पात्याला आडोसा देण्याची कल्पना तशी जुनीच. न्यूयॉर्कमधील काम्फे बंधूंचा आडोशाचा रेझर १८८०च्या सुमारास आला होता; पण त्याचे पाते परजावेच लागे. किंग कॅम्प जिलेट यांच्या डोक्यात वापरून टाकून द्यायच्या पात्याची कल्पना आली आणि इतके पातळ पोलाद कडक कसे करावे, हे कोडे विल्यम निकर्सन यांनी सोडवले. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३मध्ये, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४मध्ये पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना हे रेझर सरकारतर्फे दिले गेले आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय त्यांच्याबरोबर घरोघर पोचली.

युक्ती साधीच होती. पातळ पाते दोन पत्र्यांत किंचित वाकवून घट्ट धरायचे, म्हणजे ते थरथरत नाही. आणि धारेच्या पुढे एक कड ठेवायची, म्हणजे ती कातडी दाबते, ताणते आणि धारेला खोल जाऊ देत नाही. हात चुकला तरी किती चुकावा, याला त्या कडेने मर्यादा घातली. मामांच्या मनगटातील विद्येचा काही भाग असा धातूत उतरला. वडिलांकडून तो पितळी दांड्याचा रेझर आमच्या हाती आला, तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही फक्त एकदाच कापून घेतले. वस्तऱ्याने तेवढ्या कौशल्यापर्यंत पोचायला आम्हांला वर्ष लागले असते.

येथवरचे विवेचन आम्ही दुसऱ्या दिवशी प्राध्यापक-कक्षात मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्यात ओसरीचे वर्णन जरा रंगवूनच केले असावे. दलित साहित्य शिकवणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या ओसरीवरचा वस्तरा आमच्या वस्तीत येत नसे. आमचे आजोबा गिरणीत होते. त्यांनी मुंबईहून रेझर आणला, तेव्हा सगळ्या आळीने त्याच्यावर दाढ्या केल्या. कापायचे पुष्कळ, पण कोणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते."

आम्ही निरुत्तर झालो. ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती असे नाही. अनेक आत्मकथनांतून आम्ही ती वाचली आणि शिकवली आहे. तरी स्वतःच्या ओसरीची आठवण सांगताना ती आम्हांला आठवली नाही. मामांना वर्षाकाठी मिळणाऱ्या धान्याच्या बलुत्यात आजोबांचे ते मिटलेले डोळे बसले होते, हेही नाही. नाभिकांच्या बाजूने पाहिले तरी वस्तरा हे केवळ सुखाचे हत्यार नव्हते. विधवांच्या डोक्यावरही तोच फिरवावा लागे. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी त्या कामाला जाहीर नकार दिला, तेव्हा तो नकार त्यांच्या रोजीवर पाय देणारा होता. तात्पर्य, सुख कशात, या प्रश्नाला कोणाचे, हा उपप्रश्न जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही. सहकाऱ्यांच्या आजोबांच्या कापलेल्या गालाला जे सुख होते, ते कोनाच्या मापात येणारे नव्हे.

वाचकहो, आम्ही येथे रेझरच्या बाजूने निकाल देऊन थांबलो असतो. पण गेल्या वर्षी वडिलांना पक्षाघात झाला. आयुष्यभर स्वतःच्या हाताने दाढी करणाऱ्या माणसाची दाढी करण्याचे काम आमच्याकडे आले. त्यांचाच रेझर, त्यांचाच ब्रश. सुरक्षित साधन म्हणून आम्ही निर्धास्त होतो. लुळ्या गालावर ते साधन घसरले, घडीत अडकले आणि दोन ठिकाणी रक्त आले. स्वतःच्या चेहऱ्यावर हाताला आणि गालाला एकदमच कळते. दुसऱ्याच्या गालाचे मात्र हाताला काही कळत नाही. वडील बोलू शकत नव्हते. त्यांनी डोळे घट्ट आवळले होते, मिटले नव्हते. तो फरक आम्हांला दिसला आणि आम्ही रेझर खाली ठेवला.

कोपऱ्यावरच्या सलूनमधील कारागीर घरी आला. त्याने आमच्याच दुधारी पात्यांपैकी एक घेतले, कागदासकट मधोमध मोडले आणि अर्धे पाते आपल्या वस्तऱ्यात सरकवले. एचआयव्हीच्या भीतीनंतर अनेकांच्या गालांवर एकच धार फिरवणे मागे पडत गेले आणि सलूनमधला वस्तरा असा रेझरच्या पात्यावर चालू लागला. म्हणजे ज्या दोहोंची तुलना आम्ही करीत होतो, त्यांची धार आता एकच आहे. किंबहुना या नव्या वस्तऱ्याला ना जुन्याचे वजन, ना रेझरची कड. कागदावर तो तिघांत सर्वांत कठोर ठरावा.

त्याने गरम पाण्याचा टॉवेल गालावर बराच वेळ ठेवला, फेसही सावकाश केला. मग डाव्या हाताची दोन बोटे वडिलांच्या कानापाशी टेकवून लुळी कातडी वर ताणली आणि फक्त तेवढाच ताणलेला भाग साफ केला. बोटे पुढे सरकली, मागून पाते सरकले. वडिलांनी डोळे मिटले, अगदी आजोबांसारखे. पैसे घेताना तो म्हणाला, "सर, तुम्ही एकाच हाताने करत असणार. दुसरा हात आधी कामाला लावायचा."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जुनाच रेझर घेतला. पण आधी दोन बोटे गालावर ठेवली. पाऊण तास लागला. कोठेही कापले नाही. तरुण सहकाऱ्याला आता उत्तर द्यावे लागेल. आम्ही त्याला बहुधा एवढेच विचारू, की तुझा डावा हात दाढी करताना कोठे असतो?