पैलतीराचा फोटो

गडचिरोली
महाशिवरात्रीनंतरचा रविवार

चि. बाई,

तू पाठवलेले चाळीसही फोटो पाहिले. मामीने ते टीव्हीवर लावायला लावले आणि शेजारच्या दोन घरची माणसं बोलावली. हर्णैचा लिलाव, होड्यांतली मासळी आणायला पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या, आंजर्ल्याची खाडी, वेळासच्या वाळूतून समुद्राकडे निघालेलं कासवाचं पिल्लू. पिल्लाचा फोटो तीनदा मागे घेऊन पाहिला. तू दापोलीला शिकायला गेलीस तेव्हा तुझी आई रडली होती. परवा तीच सगळ्यांना बंदर कुठं नि खाडी कुठं ते समजावून सांगत होती.

पण चाळीसांपैकी सात फोटोंबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे. ते सातही सूर्यास्ताचे आहेत. केशरी आभाळ, चकाकतं पाणी आणि मधे माणसांच्या काळ्या आकृत्या. कुणी जाळं ओढतो आहे, कुणी टोपली डोक्यावर घेऊन निघाली आहे. एकाचाही चेहरा दिसत नाही. असा फोटो चांगला दिसतो हे मला ठाऊक आहे, मीही असे पुष्कळ काढले. पण त्यातली टोपलीवाली हर्णैची आहे की केरळची, ते तुलासुद्धा वर्षभराने सांगता येणार नाही. आभाळ उजळ राहावं म्हणून आपण माणूस काळा करतो. हा सौदा मला आता पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच हे पत्र.

१९८२ साली आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच सुमारास वैनगंगेच्या काठच्या एका गावात माझी शिक्षक म्हणून पहिली नेमणूक झाली. माझ्याकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल संपवायला मला तीन महिने लागायचे, कारण प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी पैशाचा विचार यायचा. पहिल्या बारातला एक फोटो डोंग्याचा होता. आमच्या घाटावरून पलीकडे निघालेला डोंगा, उभा राहून बांबू रेटणारा ढिवर, आत बाजाराहून परतणाऱ्या बाया आणि एक बकरी. प्रत धुऊन आल्यावर मी ती नावाड्याला नेऊन दिली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गुर्जी, याच्यात माहा गाव कोठी हाय जी?"

त्याचं गाव पलीकडे, चंद्रपूरच्या बाजूला. माझ्या फोटोत ते करड्या रेघेएवढं होतं. त्या रेघेवर बोट ठेवून तो म्हणाला की इकडे ये नि इथून काढ, तेव्हा तो माझा फोटो होईल. मी दुसऱ्या रविवारी गेलो. नदी ओलांडायला वीस मिनिटं लागली. पलीकडच्या वाळूत उतरून मागे वळलो, तर माझी शाळा, माझा घाट, धुण्याचे दगड, वडाचं झाड हे सगळं मला पहिल्यांदाच एकत्र दिसलं. रोज ज्या काठावर मी उभा असे तो काठ मी तोवर पाहिलाच नव्हता.

समुद्राला पैलतीर नसतो. तुझ्या फोटोंत आणि माझ्या फोटोंत मुख्य फरक हाच. सुगिमोटो नावाचे जपानी छायाचित्रकार १९८० पासून जगभरचे समुद्र टिपत आले आहेत. अर्धं पाणी, अर्धं आभाळ, मधे क्षितिज आणि दुसरं काही नाही. थोर काम आहे ते, मी तासभर त्यातल्या एकाच फोटोकडे बघत बसलो आहे. पण आपल्याकडे असा फोटो काढायला जागाच नाही. नदीकडे कॅमेरा वळवला की समोर कुणीतरी असतं: आंघोळ करणारं, बैल धुणारं, आपल्याकडे बघणारं. मार्कंड्याला वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्हा. सिरोंच्याला प्राणहितेपलीकडे तेलंगणा. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात आणि पलीकडे छत्तीसगड. काठ बदलला की बोली बदलते, नातेवाईक मात्र दोन्हीकडे.

परवा महाशिवरात्रीच्या जत्रेला मार्कंड्याला गेलो होतो म्हणून हे सगळं ताजं आहे. वैनगंगा एरवी दक्षिणेकडे वाहते, पण तिथे ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. मंदिर डाव्या तीरावर, म्हणून सूर्य पाण्यापलीकडून उगवतो. जत्रेतली पोरं पहाटे मंदिराच्या पायऱ्यांवर बसून नदीकडे मोबाइल धरतात आणि त्यांच्याही फोटोंत तुझ्यासारख्याच काळ्या आकृत्या येतात. मी पहाटे पाचला डोंग्याने पलीकडे गेलो. पौष-माघातलं धुकं पाण्यावर अजून थोडं होतं. ऊन वर आलं आणि सरळ मंदिराच्या दगडावर पडलं. भिंतीवरच्या मूर्तींच्या ओळी, कळसाजवळ बसलेले पोपट, पाण्यात उभी राहून ओंजळ सोडणारी म्हातारी, सगळं सोन्यासारखं स्वच्छ. प्रत्येकाचा चेहरा प्रकाशात होता. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी दीडशे वर्षांपूर्वी या मंदिरांची नोंद करून ठेवली. पण ही मंदिरं नदीकडे तोंड करून जगतात, हे कळायला पाणी ओलांडावं लागतं.

आता तुझ्या किनाऱ्याचा हिशेब कर. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. म्हणजे संध्याकाळी वाळूवर उभं राहून समुद्राकडे पाहिलंस की प्रकाश नेहमी समोरून येणार आणि माणूस काळाच होणार. सकाळच्या लिलावाला जा. तेव्हा ऊन तुझ्या पाठीमागून, डोंगराकडून येतं. कोळणींचे चेहरे, सुरमईच्या पाठीवरची निळाई, दोन्ही मिळेल. ओली वाळू फार चकाकते. कॅमेरा तिला राखाडी समजून फोटो अंधारा करतो. तेव्हा एक्स्पोजर हाताने एक घर वाढव. आभाळ थोडं पांढरं पडलं तर पडू दे. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांना १८५६-५७ मध्ये हीच अडचण आली होती. समुद्र नीट आला की आभाळ जायचं, आभाळ आलं की समुद्र काळा. कधीकधी ते आभाळाची एक काचेवरची निगेटिव्ह आणि पाण्याची दुसरी जोडून एकच फोटो छापत. तुझा मोबाइल हेच काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. पण कुणाला उजेडात ठेवायचं ते तूच ठरवायचं आहेस.

आपल्याकडे येणारे सगळे कॅमेरे ताडोब्याला जातात. वाघाचा फोटो कुणाला नको असतो! पण नदीकाठाकडे कुणी फिरकत नाही, आणि हा काठ दर वर्षी पुसला जातो. ऑगस्ट २०२० च्या पुराने मी ज्या वाळूवर उभा राहून पंधरा वर्षं फोटो काढले ती वाळूच नेली. दुसऱ्या वर्षी ती अर्धा कोस खाली, वेगळ्याच आकाराची होऊन वर आली. सिरोंच्याच्या खाली गोदावरीवर २०१९ मध्ये मेडिगड्डाचा बंधारा झाला, पाणी अडलं, वाळूची बेटं बुडाली, काठच्या शेतांत पाणी आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले, पाणी सोडून द्यावं लागलं आणि वाळू पुन्हा उघडी पडली. एप्रिल २०२२ च्या पुष्कर मेळ्यात प्राणहितेच्या घाटावर मी काढलेले फोटो आणि त्याच जागेचे नंतरचे फोटो शेजारी ठेवले, तर दोन वेगळी गावं वाटतात. म्हणून एकदा जाऊन चांगला फोटो काढला, एवढ्यावर थांबू नकोस. हर्णैची एक जागा धर आणि तिथेच पावसाआधी, पावसानंतर, नारळी पौर्णिमेला, शिमग्याला जा.

आणि समुद्र आपल्याकडे कधी नव्हताच असं समजू नकोस. गडचांदूरच्या सिमेंटसाठी जो चुनखडीचा दगड खणतात, तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी थराथराने साचलेला आहे. त्याचा एक पातळ तुकडा माझ्या टेबलावर आहे. तू आलीस की नेशील.

ये मात्र चैत्रात. पाणी उतरल्यावर ढिवरांनी वाळूत खड्डे करून, शेणखत घालून वेल लावले आहेत. डांगरवाडीत टरबूज, डांगर, काकडी सगळं तेव्हा हाताशी येतं. बाया तिथेच पालाच्या झोपडीत राहतात आणि रात्री राखण करतात. त्यांना आधी विचारायचं, मग बसायचं, कॅमेरा तिसऱ्या दिवशी काढायचा. जाताना प्रती घेऊन जायच्या. त्या नावाड्याचा नातू आता डोंगा चालवतो. त्याच्या घरात माझा दुसरा फोटो, पलीकडून काढलेला, अजून भिंतीवर आहे. पहिला, ज्यात नावाडी स्वतः आहे, तो त्याने कधीच लावला नाही.

तुझ्या चाळीसांतला सर्वांत चांगला फोटो तू शेवटी ठेवलास, बहुतेक तुला तो साधा वाटला असेल. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर होडीने जाऊन, मागे वळून काढलेला. सगळं हर्णै त्यात आहे. होड्यांची रांग, मागची घरं, नखाएवढ्या दिसणाऱ्या लिलावाच्या बाया, आणि मावळतीचं ऊन सगळ्यांच्या तोंडावर. तो मोठा करून दोन प्रती काढ. एक मला पाठव. दुसरी बंदरावर घेऊन जा आणि कोण कुठं उभी आहे ते त्यांनाच शोधू दे. काय म्हणाल्या ते मला सविस्तर लिही.

मामीने मोहफुलांचे लाडू केले आहेत, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. तुझी आई बरी आहे, गुडघा दुखतो पण ऐकत नाही.

तुझा मामा