रिकाम्या कोठीचा पोळा

पोळा हा भरल्या घराचा सण नाही. श्रावणाची अमावस्या येते तेव्हा गोंडपिपरीकडे रोवणा नुकताच आटोपलेला असतो. रोवणाऱ्या बायांची मजुरी चुकती करून हात मोकळा झालेला असतो, कृषी केंद्राच्या वहीत खताची उधारी चढलेली असते, आणि धान बांध्यांमध्ये गुडघाभर हिरवं उभं असतं. घरातल्या कोठीत मागच्या सालचा तांदूळ तळाला गेलेला. अगदी हलक्या वाणाचं धान घरात यायलाही अजून महिना-दीड महिना अवकाश. अशा वेळी शहाण्यानं हात आखडता घ्यावा. पण आमच्याकडे वर्षातली सगळ्यात मोठी कढई चढते ती नेमकी याच दिवशी.

याचं कारण आदल्या संध्याकाळी घडतं. त्या दिवशी बैलांना नदी-तळ्यावर नेऊन धुतात, चिखलणीत जूं ओढून ओढून सोललेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, शेकतात, आणि मग त्यांना रीतसर जेवणाचं आवतन देतात. उद्या जेवायला या, असं बैलाला तोंडानं सांगायचं. एकदा पाहुण्याला आवतन गेलं की कोठीत किती उरलंय हे बघायची सोय राहत नाही. बैलाला सांगितलेला शब्द माणसाला सांगितलेल्या शब्दापेक्षा जड, कारण बैल आठवण करून देणार नाही.

त्या रात्रीपासून स्वयंपाकघराचा ताबा करंज्यांकडे जातो. करंजी पुण्या-मुंबईत दिवाळीची, आमच्याकडे ती आधी पोळ्याची. सारण सगळीकडे असतं तेच: सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलची. फरक चारोळीचा. शहरात चारोळी चिमटीनं घालतात, इथं मुठीनं. कारण ती जंगलातून येते. चैत्र-वैशाखात चाराची काळी फळं पिकतात, ती वेचायची, भिजवून साल काढायची, वाळवायची, मग जात्यावर अलगद भरडून आतली बी काढायची. जातं जरा जास्त दाबलं की चारोळीचा भुगा. हे काम बघितलेल्या माणसाला खिरीत तरंगणारे चार दाणे बाजूला काढणाऱ्या पाहुण्याचा राग आल्याशिवाय राहत नाही. म्हातारी माणसं सांगतात की एकेकाळी व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी नेत. व्यवहार कुणाच्या फायद्याचा होता हे सांगायला नको.

पहिला घाणा कढईत जायच्या आधी दाराशी कुणी ना कुणी डोकावतंच. “काऊन वो, तेल तापलं का नाही अजून?” कणकेची गोळी तेलात टाकायची; ती तळाला जाऊन क्षणभर थांबली आणि मग बुडबुडे सोडत वर आली की तेल करंजीजोगं. लगेच वर उसळली तर जाळ मागे ओढायचा, नाहीतर करंजी वरून तांबूस आणि आतून कच्ची. मुरड हातानं घालायची. साच्याच्या करंज्या एकसारख्या होतात, पण तेलात फुटल्या तर सगळा घाणा काळा करतात, हे माझ्या आईचं मत, आणि माझंही.

तेलाची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. आता सोयाबीनचं पाकीट येतं. पण जंगलाला लागून असलेल्या गावांत पोळ्याचं तळण पूर्वी मोहाच्या तेलात होई. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, हे सगळ्यांना माहीत. त्यांची दारू होते, हे त्याहून जास्त जणांना. पण त्याच झाडाची फळं पावसाच्या तोंडावर पिकतात आणि त्यातल्या बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल निघतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं, वास जरा उग्र, पण तळणाला चांगलं. म्हणजे वर्षाच्या सगळ्यात कडकीच्या दिवसांत, दुकानातून काही आणायची ऐपत नसताना, घरात ताजं तेल असे. पोळ्याच्या कढईचा हिशेब तिथं जुळत होता. मोहाची बदनामी दारूनं केली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. या सगळ्या गदारोळात फुलं भाजून तिळासोबत कांडून केलेले मोहाचे लाडू कुणी विचारले नाहीत.

पोळ्याच्या ताटात करंजीशेजारी पुरणपोळी, कढी आणि वडे. हे वडे लाखोळीच्या डाळीचे असतील तर ते झाडीपट्टीचं घर. लाखोळी ही धानाची पाठराखीण. धान कापायच्या आधी बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात तिचं बी फेकून देतात. नांगर नाही, खत नाही, उरल्या ओलीवर ती येते. गरिबाची डाळ म्हणूनच तिच्यावर संशय आला. दुष्काळात माणसं नुसत्या लाखोळीवर महिनोन्‌महिने जगली तर तिच्यातल्या विषारी घटकानं पाय लुळे पडतात, हे खरंच आहे. त्यामुळे १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली. मधली सगळी वर्षं इथले वडे थांबले नव्हते. डाळ रात्रभर भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं (विष पाण्यात उतरतं, ही अक्कल बायांना प्रयोगशाळेच्या आधीपासून होती), मग पाट्यावर जाडसर वाटून त्यात लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यानं वाटी पुढे केली तर हसू नये. वडा तळहातावर थापून मधोमध बोटानं भोक पाडायचं आणि गरम असतानाच ताकाच्या कढीत बुडवायचा.

संध्याकाळी बैल तोरणाखालून सुटतात आणि दारोदार येतात. घरची बाई त्यांच्या खुरांवर पाणी घालते, कुंकू लावते, पुरणपोळी पुढे करते. बैलाची खरखरीत जीभ पोळीसकट तळहात चाटून जाते. बैल घेऊन आलेल्याच्या हातात बोजारा ठेवायचा, म्हणजे पैसे. मग घरची माणसं जेवायला बसतात. आधी नाही.

इथून पुढे कोठी हळूहळू भरत जाते आणि त्याबरोबर ताट बदलतं. दिवाळीला हलकं धान आलेलं असतं, वर्धेकडच्या काळ्या रानात कापूस वेचणीला लागतो, चार पैसे दिसू लागतात. पण दिवाळीचा अनारसा नव्या तांदळाचा करायचा नाही. जुनाच तांदूळ घ्यायचा, तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सावलीत निथळवायचा आणि अंगात ओल असतानाच कुटायचा. गूळ मिसळून केलेला गोळा डब्यात मुरू द्यायचा. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि झाऱ्यानं त्यावर तूप उडवत राहायचं, उलटायचा नाही. तांदूळ नवा असेल किंवा गुळाचा हात सुटला असेल तर अनारसा हसतो, म्हणजे कढईत पसरून विरघळून जातो. म्हणून पोळ्याच्या तंगीतसुद्धा पायलीभर जुना तांदूळ दडवून ठेवणारी बाई दिवाळीला ताठ मानेनं कढईपाशी बसते.

आणि याच्या अगदी उलट पदार्थ दोन महिन्यांनी शेजारच्या घरात होतो. गोंडपिपरी तालुक्याच्या कडेनं वर्धा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणातलं सिरपूर-कागजनगर. तेलुगू बोलणारी घरं गावोगाव आहेत. आमच्या शेजारच्या काकू संक्रांतीला अरिसेलू करतात, आणि त्याला तांदूळ नवाच लागतो. रात्रभर भिजवलेला, ओलाच दळलेला. गुळाचा पाक चुलीवर ठेवून त्याचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकतात. मऊ गोळी झाली की ओलं पीठ त्यात वैरायचं. एकानं वैरायचं, दुसऱ्यानं घोटायचं, आणि दोघांनीही भांडायचं. “अक्का, जोरात!” असं काकू माझ्या आईला दटावतात. तीळ लावून थापलेली अरिसेलू तेलातून काढली की दोन झाऱ्यांमध्ये दाबून तेल निपटतात. दुसऱ्या बाजूला ओलसर फडक्यावर सकिनालू पडत असतात: तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून पीठ पिळत एकात एक वेढे. ही कला आईला कधी जमली नाही. तिचं वेटोळं तिसऱ्या वेढ्याला तुटतं.

तांदूळ, गूळ, तीळ किंवा खसखस आणि कढई. सामान तेच. जुना तांदूळ दिवाळीला मराठी घरात, नवा तांदूळ संक्रांतीला तेलुगू घरात, आणि दोन्ही डबे कुंपणावरून इकडून तिकडे. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले, वैनगंगेपलीकडची आष्टी गडचिरोलीत गेली आणि आमची गोंडपिपरी चंद्रपुरात राहिली. डब्यांना त्याचा पत्ता लागला नाही. लेकी-सुनांच्या माहेरचे डबे पुलावरून आजही जातात-येतात.

शिमग्याचं फार सांगत नाही. पुरणाची पोळी होते, ती सगळीकडेच होते, आणि त्या दिवसांत आमचं लक्ष मोहाकडे लागलेलं असतं. अक्षय तृतीयेचं मात्र सांगायला हवं. पितरांना आमरस आणि सरगुंडे वाढेपर्यंत घरात रस करायचा नाही, हा आमचा नेम. जंगलातल्या गोंड-माडिया गावांत हाच नेम पंडुमाचा: मोह असो, आंबा असो, नवं धान असो, गावानं मिळून पंडुम केल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. शहरी माणूस याला अंधश्रद्धा म्हणतो. फळ झाडावर पुरतं पिकू देणारा आणि बी रुजायला वेळ देणारा दुसरा कायदा त्यानं दाखवावा.

हल्ली चिखलणी ट्रॅक्टर करतो. तोरणाखालची रांग आखूड होत चालली आहे आणि पुष्कळ घरांत मातीच्या बैलांची पूजा होते. याबद्दल गळा काढणारे लेख दर पोळ्याला वाचायला मिळतात. बैल पोसणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे ते ट्रॅक्टर घेणाऱ्याला दोष देणार नाहीत. आणि करंज्या काही कमी झालेल्या नाहीत. मातीच्या बैलापुढेही पहिला घाणाच ठेवतात, दुसरा नाही.

तेव्हा येणार असाल तर दिवाळीत येऊ नका, पोळ्याला या. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत गोंडपिपरी. दुपार कलायच्या आत पोचा, नाहीतर वडे निवतील. जेवणाची घाई करू नका, बैल जेवल्याशिवाय ताट वाढलं जाणार नाही. आणि खिशात सुटे पैसे ठेवा. बोजारा पाहुण्यालाही द्यावा लागतो.