माडीची जमीन

घराची जमीन हा मासिकातून लिहिण्याजोगा विषय आहे किंवा नाही, याविषयी आमच्या घरात एकमत नाही. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की, ज्या मास्तराने जन्मभर मुलांकडून शब्दरूपे पाठ करून घेतली त्याने सुतारकामावर लिहू नये. आमच्या कुटुंबाचे म्हणणे याच्या उलट. ती म्हणते, ‘लिहावेच, निदान लिहिताना तरी झाले ते सगळे आठवेल.’ या वाक्यातील ‘सगळे’ या शब्दावर जो जोर होता तो आम्हांस कळला, आणि म्हणून लेखणी हाती घेतली.

चिंचवडगावात, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून फार लांब नाही असे आमचे दुमजली घर आहे. त्यास वाडा म्हणावयाचे ते केवळ जुन्या सवयीने. माडी आमच्या आजोबांनी १९३४ साली चढविली. त्या वेळी पिंपरीस कारखान्याचे नाव नव्हते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची आणि औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. माडीच्या पश्चिमेच्या खिडकीतून पूर्वी पवनेचे पात्र दिसे, असे वडील सांगत. आज तेथून शेजारच्या इमारतीच्या सहा मजल्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात.

आमच्या आळीतील जुन्या घरांतून बहुधा कडीपाटावर मातीचा थर आणि त्यावर सारवण किंवा शहाबादी फरशी असे. आजोबांनी मात्र हौसेने नुसत्या सागवानी फळ्या घातल्या. बारा फूट रुंद व अठरा फूट लांब अशी ती खोली, तिच्या रुंदीवर अकरा कड्या आणि कड्यांवर सव्वा इंच जाडीच्या फळ्या. नव्वद वर्षांच्या पावलांनी या फळ्या दाराशी पाऊण इंचावर आल्या होत्या. खिडकीजवळ, जेथे आमची आई दुपारी पाय पसरून निवडण-टिपण करीत बसे, तेथे एका फळीस उथळ परातीसारखा खळगा पडला होता. आमचा या खळग्यावर विलक्षण लोभ. पाहुण्यास माडीवर नेऊन तो दाखविल्यावाचून आम्ही चहा येऊ देत नसू.

वहिनी गेली तीन वर्षे सांगत होत्या, ‘भाऊजी, खिडकीजवळची फळी बोलते हो.’ थोरले बंधू निवर्तल्यापासून माडीची झाडलोट त्यांनीच हौसेने आपणाकडे ठेविली होती. आमचे उत्तर ठरलेले असे. ‘वहिनी, जुने लाकूड म्हणजे जुना शास्त्री, त्याने बोलावयाचेच.’ एकदा तर वराहमिहिराने बृहत्संहितेत देवळे, मूर्ती व भिंती यांसाठी वज्रलेप कसा सांगितला आहे, यावर आम्ही त्यांस जिन्यात उभे करून पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. त्यांच्या हातात पाण्याची बादली होती, हे आम्हांस पुढे कुटुंबाने सांगितले.

गेल्या आषाढात वहिनी गोधड्या उचलावयास वर गेल्या आणि त्यांचा उजवा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. आम्ही खाली वर्तमानपत्र वाचीत होतो. समोर छतातून एक पाऊल लोंबकळताना दिसले, आणि त्या पावलाचे कोण हे कळावयास आम्हांस क्षणभर लागला. घोट्याचे हाड तडकले. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत त्या एका शब्दानेही ‘मी सांगत होते’ असे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते.

मग घरात सभा बसली. एका चुलतभावांनी घरच पाडून सदनिका बांधण्याचा ठराव मांडला, त्यास अनुमोदन मिळाले नाही. धाकटे बंधू पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांचा सारा विश्वास काँक्रिटवर. ‘फळ्यांवर दोन इंच काँक्रिट ओता, वर टाईल्स लावा, पुढची पन्नास वर्षे बघायला नको.’ आम्ही पाटी घेतली. दोनशे सोळा चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे छत्तीस घनफूट. घनफुटास सुमारे अडुसष्ट किलो. म्हणजे जवळजवळ अडीच टन, टाईल्स वेगळ्या. जी जमीन एका सडपातळ बाईचे वजन पेलू शकली नाही तिच्या अंगावर हा हत्ती कसा चढवावा? बंधूंनी पाटी दोनदा तपासली आणि चष्मा पुसला. सूनबाईंनी तयार लॅमिनेट पसरावे असे सुचविले. दिसावयास ते सुरेख खरे, परंतु त्याने खालचे दुखणे झाकले जाते आणि लाकडास वारा मिळत नाही. कोणी यंत्राने फळ्या घासून पॉलिश करा म्हणाले. जी फळी झिजून पाऊण इंच उरली ती घासून आणखी किती उरावी?

पुतण्या चाकणला एका कंपनीच्या गोदामात आहे. परदेशाहून यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्यांचे पाइनचे लाकूड तिकडे पुष्कळ आणि स्वस्त मिळते. त्याने नमुन्याची फळी आणली. तिच्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि शेजारी ‘एच. टी.’ अशी अक्षरे. अर्थ असा की, हे लाकूड गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश उष्णतेवर निदान अर्धा तास ठेवून त्यातील कीड मारलेली आहे. (‘एम. बी.’ असेल तर विषारी धुरी दिलेली; ते लाकूड घरात घेऊ नये.) पुतण्या म्हणाला, ‘काका, म्हणजे याला वाळवी लागणार नाही.’ येथे आमचे व्याकरण उपयोगी पडले. शिक्का भूतकाळाविषयी बोलतो, भविष्यकाळाविषयी नाही. मेलेली कीड मेली, उद्या येणाऱ्या वाळवीस ओंबीचे चित्र वाचता येत नाही. शिवाय पाइन मऊ, नखाने दबते.

शेवटी चाकणच्या बाजूच्या एका खेड्यातून एक वृद्ध सुतार आले. आम्ही त्यांस जिन्याकडे नेऊ लागलो, तो ते म्हणाले, ‘वर काय बघायचं मास्तर? शिडी द्या.’ ते माजघरात शिडी लावून वर चढले आणि जमिनीकडे खालून पाहू लागले. साठ वर्षे आम्ही त्या जमिनीवर वावरलो, तिच्यावर प्रवचने केली, पण तिच्या पोटाखाली शिडी लावण्याची बुद्धी आम्हांस कधी झाली नाही. प्रत्येक कडीवर हातोडीची मूठ आपटून ते कान देत. निरोगी सागवान खणखणते, कुजलेले भदभदते. नंतर भिंतीत शिरलेल्या टोकाशी त्यांनी टोकदार सळई लावली. अकरांपैकी पाच कड्यांत ती लोण्यात जावी तशी वीतभर गेली. खिडकीजवळ कडी खचल्यामुळे फळीचा आधार सुटला होता आणि वर्षानुवर्षे ती अधांतरी वाकत राहिली होती. ती बोलत होती ते हेच.

‘भिंतीला बाहेरून सिमेंट कधी केलं?’ सुतारांनी शिडीवरूनच विचारले.

सिमेंट आम्ही केले होते. निवृत्तीच्या वर्षी हाती चार पैसे आले, तेव्हा पश्चिमेची भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून. कोणाचा सल्ला घेतला नव्हता. जुनी भिंत विटा, माती व चुना यांची; पावसात ती पाणी पिते आणि उन्हात ते सोडते. आम्ही तिला सिमेंटचे पांघरूण शिवून दिले. वरून पन्हळ गळत होती, ते पाणी आत शिरले आणि बाहेर पडण्याची वाट बंद झाली. लाकडात शेकडा वीसच्या वर ओल राहिली की बुरशी त्यास खाऊ लागते. सागवानही भिंतीत तसेच भिजत राहिले तर अखेर सुटत नाही. म्हणजे वहिनींचा पाय ज्या भोकातून गेला ते आमच्या व्यवस्थितपणाने पाडलेले होते. सभेत हे आम्हीच सांगितले. वहिनींनी भाजी निवडता निवडता वर पाहिले आणि ‘असू द्या’ म्हणाल्या. आम्ही ते ऐकून घेतले. दुसरे काय करणार होतो?

त्यानंतर निर्णय अवघड राहिला नाही, पैसा मात्र पुष्कळ लागला. प्रथम पन्हळ, मग सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा, आणि भिंत वाळेपर्यंत दोन महिने दम. मगच लाकूड. हा क्रम सुतारांनी आम्हांकडून पाढ्यासारखा वदवून घेतला. पाच कड्यांची कुजकी टोके कापून प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंस नवे सागवान बोल्टांनी जोडले. भिंतीतील खोबण थोडी मोठी ठेवली, टोकाभोवती वारा खेळावा म्हणून. लाकूड पाडलेल्या वाड्यांचे. पूर्वी पुतण्या असे सामान कुदळवाडीत पाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडल्यापासून ते दुकानदार पांगले. अखेर पुण्याच्या टिंबर मार्केटात मिळाले. जुने सागवान स्वस्त असते हा समज कोणी बाळगू नये. विकत घेण्यापूर्वी आडवा छेद पाहावा. कडेचा फिकट भाग कीड खाते, आतला तपकिरी गाभा टिकतो.

फळ्या खडूने क्रमांक घालून उचलल्या. ज्या एक इंच किंवा अधिक उरल्या होत्या त्या पालथ्या घालावयाच्या, बाकीच्या बदलावयाच्या असे ठरले. खालची बाजू चुलीच्या धुराने काळी, पण न झिजलेली. रंधा मारताच पिवळीधमक निघाली. प्रश्न आला तो आईच्या फळीचा. ती बरोबर एक इंचाची. आम्ही म्हणालो, ही तशीच, खळग्यासह ठेवू. चापेकर बंधूंच्या वाड्याचे आपल्याच गावात स्मारक झाले आहे, मग आपल्या घरात एक फळी का नसावी?

वहिनी काठी टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘भाऊजी, स्मारकात कोणी रोज फडके मारत नाही. या फळीची कुसळे चाळीस वर्षे माझ्या हातात जातात. सासूबाईंच्याही जात. त्याच मला दिव्याजवळ नेऊन सुईने काढून देत.’

हे आम्हांस ठाऊक नव्हते. फळी पालथी घातली. आता माजघरात जेवावयास बसले म्हणजे तो खळगा बरोबर आमच्या पानावर छतात दिसतो.

तेल उकळलेल्या जवसाचे, दोन हात. यात एक सावधगिरी आहे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ज्या प्रांतात शनिवारवाडा १८२८ साली जळून गेला तेथील लाकडी घरवाल्यांस अधिक सांगणे नको. सुतारांनी ती अंगणात दगडावर पसरून वाळविली, मग जाळून टाकली.

माघात काम संपले. वहिनी कुटुंबाचा हात धरून वर आल्या, दारापासून खिडकीपर्यंत चालत गेल्या, परत आल्या. पालथ्या फळ्यांचे खळगे आता कड्यांवर येतात, म्हणून तेथे लाकडाच्या चिपा ठोकलेल्या आहेत. त्यांपैकी एखादी सैल राहिली असावी. खिडकीपासून तिसऱ्या फळीवर वहिनींचे पाऊल पडताच अगदी बारीक आवाज झाला. त्या थांबल्या. पुन्हा पाऊल टाकून पाहिले, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘हिचे काय म्हणणे आहे बघता का, भाऊजी?’

आम्ही शिडी आणावयास खाली गेलो.