जुनी जीप रोजच्या कामाला



पूर्वी गावात जीप आली की पोरे मागे धावत. ती जीप बहुधा बी.डी.ओ. साहेबांची, फौजदाराची, नाही तर आरोग्य केंद्राची असे. शेतकऱ्याच्या दारात जीप आली ती बहुतेक दुसऱ्याची वापरलेलीच. त्यांतल्या कित्येक आजही आपल्या भागात गोठ्याच्या कडेला, कुटाराच्या ढिगाआड उभ्या आहेत. भंगारवाला अधूनमधून येऊन भाव विचारून जातो. तुमच्याकडे किंवा तुमच्या सोयऱ्याकडे अशी एखादी असेल तर हे चार शब्द त्यासाठी आहेत. आमची जीप आम्ही पुन्हा रस्त्यावर आणली, ती रोज चालवायला. मिरवायची जीप आणि राबवायची जीप यांचा खर्च वेगळा, कामाचा क्रम वेगळा आणि कागदही वेगळे. हे पैसे मोडण्याआधी कळलेले बरे.

आमचे घर हिंगणघाट तालुक्यात, वावरातच आहे. डांबरी सडकेपर्यंत दोन किलोमीटर पांदण. जमीन काळी, भारी. मृगाचा पाऊस लागला की चिखल चाकाला असा धरतो की मोटारसायकल सडकेवर ठेवूनच घरी यावे लागते. आईला महिन्यातून एकदा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावे लागते. वय ७८, गुडघे धरलेले. ट्रॅक्टरवर तिला चढवत नाही. दोन पावसाळे आम्ही तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेले. खाट उचलायला चार माणसे लागतात, आणि पेरणीच्या दिवसांत चार माणसे कोठून आणायची?

गोठ्यात बाबांची जीप होती. १९७२ सालची महिंद्र सीजे-३बी, पेट्रोलची. बाबांनी ती १९८० साली जुनीच घेतली होती. विलीज कंपनीची ही जीप अमेरिकेत १९५३ ते १९६८ पर्यंत निघाली. आपल्याकडे महिंद्र कंपनी ती त्यानंतरही बनवीत राहिली. म्हणूनच तिचे बरेच भाग अजून बाजारात मिळतात, आणि हात बसलेले मिस्त्रीही सापडतात.

नागपूरचा एक शौकीन चांगली किंमत देत होता. धाकटा भाऊ म्हणाला, विकून टाकू. मी म्हटले, दुरुस्त करू, चालेल. आई खाटेवरून म्हणाली, "चालते त्याचं काय सांगतेस बाबू, थांबते का ते सांग मले. मी बसणार आहो तिच्यात."

तिथूनच कामाचा क्रम ठरला. हिंगणघाटच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी चेसिस हातोडीने ठोकून पाहिली. खणखणीत आवाज आला. मग तो म्हणाला, "भाऊ, रंग अखेरीला."

पहिले काम ब्रेकचे. या जीपचा मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो, आणि चारही चाकांचे तेल एकाच वाटेने जाते. एका नळीला गळती लागली की चारही ब्रेक जातात. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, नळ्या, लायनर सगळे नवे घातले. दुसरे काम स्टिअरिंगचे. जोडातले बुश आणि चाकामागच्या किंगपिनच्या बेअरिंगा झिजल्या की जीप सडकेवर डुलते. कधी पुढची चाके थरथरू लागतात. त्याही बदलल्या.

इंजिनाचे एक सांगतो. बरीच वर्षे उभी असलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढून सुरू करू नका. प्लग काढून भोकांत थोडे ऑइल सोडा, दोन दिवस राहू द्या, मग हाताने फिरवून पाहा. आमचे फिरले. पण एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले. या इंजिनात पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. खालचा एक जळालेला निघाला. रेडिएटर गाळाने भरला होता. तो उघडून साफ करवला, कारण आपल्या मे महिन्यात अर्धवट चोंदलेला रेडिएटर टिकत नाही. टाकी आतून धुतली. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुन्या रबराला मानवत नाही, शिवाय इथेनॉल पाणी ओढते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बुरेटरची वायसरे त्याला सोसतील अशी घातली. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते. ते फ्यूजसह नवे ओढले. पुढच्या दोन्ही सीटांना पट्टे बसवले.

लोकांनी सल्ले पुष्कळ दिले. एक म्हणाला, डिझेलचे इंजिन टाका. इंजिन बदलायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते आणि आर.सी. बुकावर तशी नोंद लागते. नोंद नसली तर अपघाताच्या वेळी विमा अडतो. आम्ही पेट्रोलच ठेवले. दुसरा म्हणाला, रुंद टायर टाका, रुबाब येईल. रुंद टायरने स्टिअरिंग जड होते आणि बेअरिंगांवर जोर येतो. आम्ही मूळ मापाचे अरुंदच घातले.

कागदांचे नीट ऐका. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. मालक वारला तर ३० दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे करायची. बाबा गेले तेव्हा आईने हे वेळेवर करून घेतले होते, म्हणून आमचे काम सोपे झाले. तपासणीला जीप दुसऱ्या गाडीत चढवून वर्ध्याला नेली, कारण नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.

तिथे एकाने सुचवले, "व्हिंटेजचा नंबर घ्या, शान आहे." २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी तसा नियम केला आहे. २० हजार रुपये भरून १० वर्षांची नोंदणी मिळते. पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मग दवाखान्याला कशी नेणार? आम्ही साधी नोंदणीच नवी केली.

आता हिशोब. ब्रेक व स्टिअरिंग ३४ हजार, इंजिन व रेडिएटर ६२ हजार, पाच टायर २७ हजार, वायरिंग व बॅटरी १६ हजार, पत्रा व रंग १८ हजार. एकूण १ लाख ५७ हजार. कागदांचा खर्च वेगळा. तुरीचे सगळे पैसे यात गेले. घरावरचे टिन बदलायचे होते, ते एक वर्ष लांबले. बायको बोलली नाही, पण पावसात घरात दोन ठिकाणी गंज मांडावे लागले. लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाते, म्हणून उगाच फिरायला आम्ही ती काढत नाही.

चालवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. गिअरजवळ दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढच्या चाकांना जोर मिळतो, दुसऱ्याने लो गिअर लागतो. ते चिखलात लावायचे. सडकेवर आल्यावर पुढच्या चाकांचा जोर काढून टाकायचा. कोरड्या डांबरावर तो तसाच ठेवला तर गिअरवर ताण येतो, टायर झिजतात. नाल्याच्या पाण्यातून निघाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून वाळवायचे.

यंदाच्या पावसाळ्यात आई चार वेळा सेवाग्रामला जाऊन आली. एकदा शेजारच्या वावरातल्या सुनेला रात्री बाळंतपणासाठी सडकेपर्यंत पोहोचवले. तिथे अँब्युलन्स उभी होती. पण प्रत्येक जीपला एवढा पैसा लावावा असे मी म्हणणार नाही. तुमच्या जीपची चेसिस ठोकून पाहा. आवाज बद्द आला, पत्र्याचे पापुद्रे सुटले, तर भंगारवाल्याला द्या आणि ते पैसे घराला लावा. आवाज खणखणीत आला, कागद जागेवर असले आणि पांदण तुमचीही आमच्यासारखीच असली, तर पुढच्या मृगाआधी मिस्त्रीकडे न्या.