हात काढलात का?

गाडीला चेहरा असतो, हे लहान मुलांना सांगावे लागत नाही. कागदावर गाडी काढायला बसले की पुढचे दोन दिवे हे त्यांच्यासाठी डोळेच असतात. आपल्याकडच्या अँबॅसिडरचे किंवा प्रीमियर पद्मिनीचे डोळे कसे, सदा उघडे! दिवस असो की रात्र, दारात उभी असलेली गाडी टक लावून बघत असते. पण जगात अशाही काही गाड्या झाल्या, ज्या दिवसा डोळे मिटून असतात. चालकाने बटण दाबले की पुढच्या पत्र्यातली दोन झाकणे उचलली जातात आणि आतून दिवे डोके वर काढतात. काम झाले की पुन्हा मिटतात. पोरेच काय, मोठी माणसेही हे बघायला थबकतात.

ही गंमत अलीकडची नाही. अमेरिकेतल्या कॉर्ड कंपनीने 1935 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 810 नावाची गाडी मांडली. गॉर्डन ब्युरिग यांनी ती रेखली होती. तिचे दिवे पुढच्या मडगार्डमध्ये लपलेले असत. मोटर वगैरे काही नव्हते. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल होती आणि ती हाताने फिरवून दिवे वर काढायचे. एक हँडल चालकाच्या बाजूला, दुसरे शेजारच्याच्या. म्हणजे या दिव्यांना पहिल्या दिवसापासूनच दोन माणसांची सवय!

पुढे 1963 च्या कॉर्व्हेटमध्ये विजेच्या मोटरी आल्या. कारण केवळ हौसेचे नव्हते. गाडीचे नाक जितके खाली, तितकी ती वारा चांगला कापते. दिवा मात्र रस्त्यापासून ठराविक उंचीवर हवा, असा नियम. त्यातून अमेरिकेत 1940 पासून 1983 पर्यंत ठरलेल्या मापाचेच बंद काचेचे दिवे बसवावे लागत. नाक खाली आणि दिवा वर, या दोन्ही गोष्टी साधायच्या तर दिवा लपवून ठेवणे हाच मार्ग होता.

यांतली घरोघरी पोहोचलेली गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची दोन माणसांची एमएक्स-5. ती 1989 मध्ये आली आणि उघडझाप करणारे दिवे असलेली तिची पहिली पिढी 1997 पर्यंत निघाली. त्या गाड्या आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. ज्या घरात अशी गाडी आहे, तिथे तिला घरच्या म्हाताऱ्या माणसासारखे सांभाळतात. आणि वय झाले की डोळ्यांच्या तक्रारी सुरू होणारच. ग्रीस वाळते, सांध्यांत माती बसते, आतले तांब्याचे स्पर्शबिंदू काळे पडतात. मग एके संध्याकाळी बटण दाबावे, तर एक डोळा टक्क उघडा आणि दुसरा अर्धवट पेंगलेला!

सुटीच्या दिवशी गाडीचा मालक बाह्या सरसावून बॉनेट उघडतो. इथे थोडे थांबायला हवे.

त्या दिव्याच्या मागे एक छोटी मोटर, तिला एक दांडा आणि दांड्याला जोडलेली पट्टी असते. सायकलचे पेडल फिरावे तसा हा दांडा फिरतो. अर्धा फेरा झाला की दिवा वर, उरलेला अर्धा झाला की दिवा खाली. मोटर कुठे थांबायचे ते आतल्या स्पर्शबिंदूंवरून ओळखते. दिवा मध्येच अडकला, तर याचा अर्थ मोटर दमून झोपली असा नव्हे. तिचा फेरा अपुरा राहिलेला असतो. वीज जोडलेली असेल, तर अडथळा दूर होताच ती तो फेरा पूर्ण करते, कुणाला न विचारता. अडकलेला सांधा बोटाने हलवून पाहणाऱ्याला नेमका हाच धोका. दिवा सुटला म्हणून आनंद होण्याआधीच बोट दांड्यात आणि पट्टीत सापडते. मोटर दिसायला लहान, पण लोखंडी पट्टीला माया नसते.

किल्ली खिशात आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. अनेक गाड्यांत या मोटरीला थेट बॅटरीतून वीज मिळते. म्हणून पहिले काम, तिचा फ्यूज काढणे. एमएक्स-5 मध्ये तो इंजिनाजवळच्या फ्यूजच्या डब्यात असतो आणि झाकणावर ‘रिट्रॅक्टर’ असे लिहिलेले असते. काढलेला फ्यूज तिथेच कडेला ठेवू नये, स्वतःच्या खिशात टाकावा. मग कुणी चुकून बटण दाबले, तरी काही बिघडत नाही. मोटरीच्या टोकाला रबरी टोपीखाली एक गोल मूठ असते. फ्यूज काढल्यावर ती हाताने फिरवून दिवा सावकाश वर आणता येतो. रात्री रस्त्यात दिवा रुसला तरी हीच मूठ घरी पोहोचवते.

सांधे सोडायचे असतील किंवा वायरींना हात लावायचा असेल, तर बॅटरीही सोडावी. तिच्यातही क्रम आहे. गाडीच्या पत्र्याला जोडलेले टोक आधी काढायचे आणि सगळ्यात शेवटी जोडायचे. बहुतेक गाड्यांत हे ऋण टोक असते, काही जुन्या इंग्रजी गाड्यांत धन. हा क्रम उलटा केला आणि पाना चुकून पत्र्याला लागला, की ठिणग्या उडतात. हातातली अंगठी आणि धातूचे घड्याळ त्याआधीच काढून ठेवावे. पट्टी सोडल्यावर दिवा आपल्या वजनाने खाली येऊ शकतो, म्हणून त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा द्यावा.

सगळ्या गाड्या एकाच पद्धतीच्या नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. 1962 ची लोटस एलान किंवा 1968 ची कॉर्व्हेट यांचे दिवे विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या ओढीने तयार होणाऱ्या निर्वातावर हलतात. हा निर्वात इंजिन बंद झाल्यावरही साठून राहतो. अशा गाडीची बॅटरी काढून उपयोग काय? तिथे आधी नळी सोडून साठा मोकळा करावा लागतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी त्या गाडीचे पुस्तक हातात घ्यावे.

पण कितीही काळजी घेतली तरी शेवटी एक क्षण असा येतोच, की वीज जोडून पाहावेच लागते. एकजण दिव्याजवळ वाकलेला आणि दुसरा गाडीत बटणापाशी. बहुधा पत्नी असते, नाहीतर शाळेत जाणारे पोर. दिव्याजवळच्याला बटण दिसत नाही आणि बटणाजवळच्याला उघड्या बॉनेटमुळे हात दिसत नाहीत. ‘हं’ म्हटलेले ‘दाब’ असे ऐकू येते. ‘थांब’ वाऱ्यावर जाते. आणि पोराला तर ते बटण दाबण्याची कोण घाई! त्याला डोळे उघडताना पाहायचे असतात. त्याचा काही दोष नाही. गाडी आहेच तशी.

अशा घरांतून एक साधी रीत पाळावी. बटणावरच्या माणसाने मोठ्याने विचारायचे, “हात काढलात का?” दिव्याजवळच्याने दोन पावले मागे यायचे, दोन्ही हात वर करून दाखवायचे आणि मग म्हणायचे, “काढले, दाब.” हात दिसल्याशिवाय बटण नाही. घाईच्या भरात हे बालिश वाटते. पण दुसऱ्याची बोटे आपल्या एका बोटावर अवलंबून आहेत, हे समजायला याहून सोपा धडा नाही. पोराला नुसते ‘दूर हो’ म्हटले तर ते चिडते, आणि पाठ फिरली की बटण दाबून पाहतेच. त्यालाच विचारायचे काम दिले, तर तेच राखणदार होते. बापालाही हात वर करून उभे राहावे लागते, याची त्याला मौजही वाटते.

काम झाल्यावर दोन गोष्टी उरतात. बल्ब बदलायचा असेल तर तो पूर्ण निवू द्यावा आणि हॅलोजनच्या काचेला उघडे बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग तापून काच फुटू शकते. आणि दिवा पुन्हा बसवल्यावर त्याचा झोत भिंतीवर टाकून तपासावा. आपला दिवा सुटला, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले, तर ती दुरुस्ती कसली?

हे दिवे आता नव्या गाड्यांवर येत नाहीत. पायी चालणाऱ्याला धक्का बसला तर गाडीचे नाक त्याला कमी लागावे, अशा नियमांपुढे वर आलेले कठीण दिवे टिकणे अवघड झाले. लहान आकाराचे प्रखर दिवेही निघाले, मग लपवण्याची गरजच संपली. कॉर्व्हेटची पाचवी पिढी आणि लोटस एस्प्री या दोन गाड्यांबरोबर 2004 मध्ये मोठ्या कंपन्यांनी ही तऱ्हा सोडली.

जे उरले आहे, ते घरोघरच्या हौशी हातांनी टिकवले आहे. जुनी वस्तू जपताना माणूस तिचा गंज बघतो, रंग बघतो, सुटे भाग कुठे मिळतील ते शोधतो. त्या वस्तूचे भाग कुठे ना कुठे मिळतातही. जपणाऱ्याच्या बोटांचे मात्र सुटे भाग मिळत नाहीत.