पकडीतला दुसरा हात

कबड्डीच्या सामन्यात चढाईपटूचा घोटा डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने धरला, शेजारच्या मध्यरक्षकाने झेपावून त्याला कंबरेतून मागे रेटले आणि गडी बाद झाला. गुणलेखकाच्या कागदावर एक गुण चढला आणि नाव लागले घोटा धरणाऱ्याचे. रेटणारा वेळेवर आला नसता तर चढाईपटूने फरफटत जाऊन मध्यरेषेला बोट टेकवले असते आणि त्याला भिडलेले सगळे बाहेर बसले असते. प्रशिक्षक म्हणून आणि खेळाडू निवडणारा म्हणून माझे सारे काम या दुसऱ्या हाताभोवती फिरते.

हा हात ओळखणारी नजर जुन्या तालमीत घडत असे, आणि त्याची आठवण आमच्याच भागात आहे. शिरढोण हे पनवेल तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गालगतचे गाव. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी इथे झाला. पुण्यात ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत घडले. जुन्या तालमीत पारखणारा आणि शिकवणारा वस्ताद एकच असे. पोर कोणत्या अंगाने वाढेल, मार खाल्ल्यावर पुन्हा उभे राहील का, हे तो रोजच्या मेहनतीत पाहत असे. आज ही दोन कामे वेगळी होत चालली आहेत, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

भातकापणी उरकली की आमच्या भागात मैदाने आखली जातात. रात्री प्रकाशझोतात सामने रंगतात, आजूबाजूच्या गावांचे संघ येतात. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून पोरांच्या डोळ्यांत वेगळे स्वप्न आहे. 2023 च्या लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांहून अधिक किंमत मिळाली, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी 2 कोटी 35 लाख मोजले, आणि तो डाव्या कोपऱ्यातला पकडीचा खेळाडू आहे. पुढे 1 मार्च 2024 रोजी पलटणने विजेतेपद जिंकले, ते तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली. लिलावातली मोठी किंमत आणि नवोदित म्हणून घेऊन वाढवलेला आपल्या मातीतला खेळाडू, दोन्ही एकाच संघात होते. निवड म्हणतात ती ही.

पंधरा वर्षांचा मुलगा समोर आला की मी त्याचे गुण शेवटी विचारतो. आधी पाय पाहतो. चढाईत 30 सेकंद असतात आणि कोणाला स्पर्श झाला नाही तर निदान रेषा, म्हणजे पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची रेषा, ओलांडावीच लागते. घाबरलेला मुलगा ती ओलांडून लगेच वळतो. जाणता मुलगा तिथे थांबून कोणता कोपरा पुढे सरकतोय ते हेरतो. बचावात असताना त्याचा हात साखळीत घट्ट आहे की सैल, जोडीदार पुढे गेला तर हा मागची जागा भरतो का, हे पाहतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावरच्या तिसऱ्या चढाईला, गुण मिळवणे भागच असते तेव्हा, समोरचा चढाईपटू अंगावर येणारच. त्या वेळी जो कोपरा उतावीळ होत नाही तो माझ्या वहीत जातो. आणि मातीचा हिशेब वजा करावा लागतो. अनवाणी पायाने मातीवर जमणारी पकड मॅटवर बूट घालून आलेल्या वेगवान चढाईपुढे सुटू शकते. म्हणून निवडीआधी मुलाला काही दिवस मॅटवर खेळवायलाच हवे.

प्रशिक्षक काय करू शकतो याचे मला सर्वांत मोठे वाटणारे उदाहरण नाशिकचे आहे. शैलजा जैन यांनी महाराष्ट्रात सरकारी प्रशिक्षक म्हणून कित्येक वर्षे मुली घडवल्या. निवृत्तीनंतर त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. तिथे त्या फारसी शिकल्या, सरावात योग आणि प्राणायाम आणला. 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवले. 2010 आणि 2014 ची सुवर्णपदके भारतीय मुलींनी जिंकली होती. ती मालिका तिथे तुटली. भारतीय म्हणून तो पराभव लागला. पण प्रशिक्षक म्हणून मला त्यातून स्पष्ट दिसले की आपल्या मैदानावर तयार झालेली विद्या दुसऱ्या देशातल्या मुलींना जगज्जेत्यांसमोर उभे करू शकते, कारण ती विद्या शिकवणारीने आधी त्यांची भाषा शिकून घेतली. साखळीत हात धरलेल्या चौघींना एकाच क्षणी हलायचे असेल तर प्रशिक्षकाचा शब्द त्यांच्या आत पोचलेला असावा लागतो.

असे प्रशिक्षक घडायचे असतील तर गावच्या स्पर्धेपासून सुरुवात करावी लागेल. आयोजकांना माझी विनंती आहे. उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांची बक्षिसे द्याच, पण गुणलेखकाशेजारी आणखी एक माणूस बसवा. प्रत्येक पकडीला दुसरा हात कोणाचा लागला, एवढेच त्याने लिहायचे. हे काम निवृत्त खेळाडूला द्या, त्याचे मानधन द्या. हंगामाच्या शेवटी ती वही उघडली की ज्यांची नावे एरवी कोणी घेत नाही अशी मुले सापडतील. जिल्ह्याच्या निवड चाचणीला त्यांना बोलवा. अशी वही लिहिता लिहिता लिहिणाऱ्याची नजर तयार होते, आणि खेडोपाडी उद्याचे प्रशिक्षक त्याच नजरेतून उभे राहतील.