जुनी भाषा, नवे यंत्र

संगणक जुना झाला की अडगळीत जातो. पण त्याच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावलींचे काय होते? १९८१ साली ब्रिटनमध्ये ‘बीबीसी मायक्रो’ हा घरगुती संगणक आला. सोफी विल्सन यांनी त्यासाठी ‘बीबीसी बेसिक’ ही भाषा रचली. अवघ्या १६ किलोबाइटांत ती मावत असे. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे हेच संगणक भारतातील काही शाळांत पोहोचले. अनेक मुलांचा यंत्राशी पहिला संवाद या भाषेत झाला.

कालांतराने ती यंत्रे थांबली. आज्ञांचा अर्थ लावणारे कोणीच उरले नसते, तर कॅसेटवर जपलेल्या त्या ओळी कायमच्या मुक्या झाल्या असत्या. रिचर्ड रसेल यांनी मात्र नव्या यंत्रांना ही भाषा शिकवली. २००१ मध्ये ती विंडोजवर आली. पुढे लिनक्स व अँड्रॉइडवरही. जुन्या यंत्राच्या स्मृतीत थेट हात घालणाऱ्या आज्ञा तेथे चालत नाहीत. त्या नव्याने लिहाव्या लागतात. परंतु ‘मूव्ह’ आणि ‘ड्रॉ’ म्हणताच पडद्यावर आजही रेषा उमटते. यंत्राचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांपुरते असते. भाषेचे आयुष्य मात्र तिचा अर्थ जपणाऱ्या माणसांच्या हाती असते.